न बोललेला कलमा

हजौजवळील गाव
९ ऑक्टोबर १९८४

शूयिंग ताई,

सलाम. वर्षभर पत्र नाही म्हणून रागावली असशील तर रागाव, पण आधी हे वाच.

माझे सासरे पडले. मेंढ्यांना पाणी पाजून परसातून येत होते. उंबऱ्याशी आले आणि उजवं अंग एकदम लुळं पडलं, तिथेच खाली बसले. डॉक्टर म्हणाला, मेंदूत रक्त गोठलं. डोळे हलतात, डावा हात थोडा हलतो. वाचा मात्र पार गेली. 'आं' असा एकच आवाज काढतात. पाणी हवं तरी 'आं', कुशीवर वळवायचं असलं तरी 'आं'. मीही आता त्यात फरक करायला शिकलेय.

त्यांचं खाणंपिणं, धुणंपुसणं मीच बघते. ते निजतात त्या मातीच्या ओट्याखालचा जाळ विझू देत नाही. कष्टाचं काही नाही ग, पण एका गोष्टीनं मनात घर केलंय. जाताना माणसाच्या ओठांवर कलमा असावा, हे आपण पाळण्यापासून ऐकत आलो. मामंजी तो कसा म्हणणार? आणि कबरीत फरिश्ते येऊन विचारतील, 'तुझा मालक कोण?' तेव्हा हे काय 'आं' म्हणणार? हसू नकोस. मी त्यांना चमच्यानं सूप भरवते, ते हनुवटीवरून ओघळतं, आणि तेवढ्यात हाच प्रश्न येतो.

तू बायकांच्या मशिदीची आहोंग, नमाज पढवणारी, धर्म शिकवणारी. सगळं काइफंग तुला येऊन विचारतं. इथे बायकांची मशीद नाही, बायकांना शिकवणारी आहोंग नाही. पुरुषांच्या आहोंगसमोर हा प्रश्न मला विचारवत नाही.

बाकी सगळं ठीक.

तुझी
लान

---

काइफंग
२१ ऑक्टोबर १९८४

लान,

सलाम. रागावले होते, तुझं पत्र वाचून राग गेला.

हसले नाही. पंचवीस वर्षांपूर्वी शिकवायला लागले, तरी या प्रश्नापाशी मी स्वतः अजून दबकत जाते. पण उत्तर आहे. आई कणीक मळताना आपल्याकडून सहा गोष्टी घोकून घ्यायची, आठवतं? खुदा एक. त्याचे फरिश्ते. त्यानं पाठवलेले ग्रंथ. त्याचे पैगंबर. शेवटचा दिवस. आणि बरंवाईट जे होतं ते त्याच्या ठरवण्यानं. आपण ते गाण्यासारखं म्हणायचो आणि लक्ष कढईकडे. पण 'ईमान म्हणजे काय' हा पुढचा धडा तू लग्न होऊन गेलीस म्हणून राहिला. तो आता देते.

मनानं खरं मानायचं आणि जिभेनं कबूल करायचं, हे ईमान. आपल्या हनफी वाटेचे जाणते म्हणतात की यातला जिभेचा वाटा अडचणीत गळून पडू शकतो. मुका असेल, वाचा गेली असेल, कुणी गळ्यावर सुरी ठेवली असेल, तर जीभ माफ. मनाचा वाटा कधीच गळत नाही. दुसऱ्या वाटेचे जाणते माणसाची करणीही ईमानातच धरतात आणि म्हणतात, ते वाढतं, कमी होतं. त्यांनाही आधार आहेत, त्यांना मी खोटं म्हणणार नाही. पण वाचा गेली म्हणून ईमान गेलं, असं दोघांपैकी कुणीही म्हणत नाही. तेव्हा फरिश्त्यांची काळजी सोड. कबरीतलं उत्तर पाठांतरातून येत नसतं. पाठ असलेले कितीतरी तिथे अडखळतील.

अजून एक. त्यांना 'म्हणा, म्हणा' असं करायचं नाही. जवळ बसायचं, हलक्या आवाजात आपण म्हणायचं, आणि थांबायचं. जाणारा माणूस दमलेला असतो. दमून त्यानं मान फिरवली तर बघणाऱ्याला उगाच वाटतं, यानं कलमा नाकारला.

सोबत पुडकं पाठवतेय. इथल्या बायकांनी तुझ्या मामंजींसाठी कुराण पढलं, त्या दिवशीच्या तेलपोळ्या आणि चांगल्या उदबत्त्या आहेत. तिथल्या आहोंगना घरी बोलावून पढून घे आणि त्यांना पोटभर जेवू घाल. तुझ्या नवऱ्याला, देशानना, माझा सलाम सांग. या वेळी त्यांना तुझी गरज असेल, बोलून दाखवणार नाहीत.

शूयिंग

---

हजौजवळील गाव
५ नोव्हेंबर १९८४

ताई,

पुडकं पोचलं. ते तू पाठवायला नको होतंस. तुझा दोष नाही, मी 'बाकी सगळं ठीक' असं लिहिलं, तिथेच चुकलं.

ठीक काही नाही. गावात दोन मशिदी झाल्यात. जुनी वाट आणि नवी वाट. हे नव्या वाटेत आहेत, आणि नुसते मागे उभे राहणारे नाहीत, पुढचे आहेत. त्यांचं म्हणणं, 'पढेल त्यानं जेवू नये, जेवेल त्यानं पढू नये.' मेलेल्याच्या नावानं पंगत नको, चाळिसावा नको, सुतकाचे पांढरे कपडे नकोत, उदबत्ती तर नकोच. धाकटे दीर देलिन जुन्या वाटेत. ते म्हणतात, बापजाद्यांनी हजार वर्षं जे केलं ते कालच्या पोरांनी चूक ठरवावं का? दोघं सख्खे भाऊ तीन वर्षं एकमेकांशी बोललेले नाहीत. मधे भिंत एकच आहे, परसातली. शेळी ओलांडते, हे दोघं नाही.

तुझं पुडकं ह्यांनी उघडलं. उदबत्त्या हातात घेऊन माझ्याकडे नुसतं बघितलं. मग चुलीत घातल्या. घरभर असा घमघमाट सुटला, की भिंतीपलीकडून देलिन भावोजी ओरडले, "काय दादा, आलास का जुन्या वाटेवर?" मला हसू आलं आणि ते ह्यांनी पाहिलं. त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतं बोलतात. तेलपोळ्या मात्र मी मामंजींना दुधात कुस्करून दिल्या. सगळ्या खाल्ल्या.

आता खरं भांडण ऐक. मामंजी स्वतः कुठल्या मशिदीचे, हे कुणालाच माहीत नाही. दोन्ही लेकांची मनं राखायला एक शुक्रवार इकडे, एक तिकडे जायचे. आता दोघंही म्हणतात, बाबा आमचे. शेवटची तौबा ज्याचा आहोंग पढवेल, जनाजाही तोच नेईल, आणि मग सगळ्या हजौत बोललं जाईल, की म्हातारा मू अखेर अमक्या वाटेनं गेला. हे रोज मामंजींच्या कानाशी बसतात. "बाबा, म्हणा. एकदा म्हणा." मामंजींच्या डोळ्यांतून पाणी वाहतं. 'आं' पण म्हणत नाहीत. नव्या मशिदीत बोललं जातंय, की जीभ उघडत नाही याचा अर्थ खुदानंच ती बांधली. काल ह्यांच्या लोकांनी आमच्या अंगणात कुदळी आणि फावडी आणून ठेवलीत. थडगं खणायला, म्हणे. एका थडग्याला एवढी?

म्हणून विचारते. त्यांच्याजवळ शेवटच्या घडीला बहुधा मीच असेन. मी ह्यांना सांगितलं, 'त्यांनी कलमा म्हटला, तुमचं नाव घेतलं,' आणि देलिन भावोजींना वेगळं गाठून तेच सांगितलं, तर? समेटासाठी खोटं चालतं असं तू एकदा म्हणाली होतीस. चालेल ना? लवकर कळव.

लान

---

काइफंग
१५ नोव्हेंबर १९८४

लान,

नाही. चालणार नाही.

दोन भांडणाऱ्यांपाशी एकमेकांबद्दल गोड बोलावं, एवढी सूट आहे. पण माणसानं न उच्चारलेला शब्द त्याच्या तोंडी घालायचा, आणि तोही कलमा, ही सूट कुणालाच नाही. तो खुदा आणि त्याचा बंदा यांच्यातला शब्द. तू मधे काय करतेस? शिवाय एक दिवस दोघं भाऊ बोलतील आणि तुझं खोटं उघडं पडेल. मग त्यांच्या हाती बापही राहणार नाही.

तुला विचारलं, तर जे पाहिलं ते सांग. त्याचं पुढे काय करायचं हे तुझ्या हातात नाही.

उदबत्त्यांबद्दल माफी माग देशानची, माझ्या वतीनं. मला माहीत नव्हतं. खरं सांगू का, त्यांचं म्हणणं मला पटत नाही, पण कळतं. खुदाशिवाय कशालाही हात जोडले जाऊ नयेत ही धास्ती त्यामागे आहे, आणि ती धास्ती ज्याला कधीच वाटली नाही त्याचं ईमान मला जरा आळशी वाटतं. आणि ते बापाला 'म्हणा, म्हणा' करतात ना, ते वाटेसाठी नाही करत. वडील अंधारात जातील याची भीती वाटते त्यांना. भ्यालेला पुरुष आवाज चढवतो. तू त्यांच्याकडे बघून हसलीस हे बरं केलं नाहीस.

त्यांच्याजवळ बस. सांग, की बाबांना ऐकू येतंय.

शूयिंग

---

हजौजवळील गाव
२७ नोव्हेंबर १९८४

थोरल्या ताईंस,

सलाम. पोस्टातून तुमचं पत्र मी आणलं आणि उघडलं. लानला दिलेलं नाही. हे लपवत नाही, म्हणून लिहितो.

आमच्या घरात काय चालतं ते काइफंगपर्यंत गेलेलं मला आवडलं नाही. तुम्ही वयानं मोठ्या आहात. बाईनं आहोंग व्हावं की नाही, यावर मी तुमच्याशी वाद घालत नाही. इथे तशी रीत नाही एवढंच. पण तुम्ही मला भ्यालेला म्हटलंत, त्याला उत्तर द्यायला हवं.

खुदा आणि माणूस यांच्यामध्ये कुणी नाही. पीर नाही, आहोंग नाही, जेवणावळ नाही, उदबत्तीचा धूरसुद्धा नाही. हे मी उशिरा शिकलो, चाळिशी उलटल्यावर, आणि शिकलो त्या दिवशी छातीवरचा दगड उतरला. तो दगड माझ्या वडिलांच्या छातीवर राहू नये एवढंच मला हवंय. देलिन त्यांना परत धुरात नेऊन बसवेल.

घरात होतं ते तुमचं आधीचं पत्रही मी वाचलं. तुम्ही लिहिता, मनात असलं की पुरे. मग कुणाच्या मनात काय आहे ते कळायचं कसं? प्रत्येक जण म्हणेल, माझ्या मनात आहे. जीभ हीच तर खूण आहे. ती खूण मी बापाकडे मागतो, यात माझं काय चुकलं?

उत्तराची अपेक्षा नाही. कृपा करून लानला पत्र पाठवू नका.

मू देशान

---

काइफंग
६ डिसेंबर १९८४

देशान,

सलाम. लानला लिहू नका म्हणालात, लिहीत नाही. तुम्ही प्रश्न विचारलात, म्हणून हे तुम्हाला.

भ्यालेला म्हटलं याबद्दल माफ करा. ते पत्र तुमच्यासाठी नव्हतं, नाहीतर सौम्य शब्द शोधला असता. पण तो मागे घेत नाही.

सांस्कृतिक क्रांतीत मशिदींना कुलपं होती ती वर्षं आठवा. माझ्या मशिदीत गहू भरलेला होता. मी मोज्यांच्या कारखान्यात होते. यंत्राच्या खडखडाटात ओठ हलवायचीही चोरी होती, समोरची बाई बघायची. मी नमाज डोळ्यांनी पढले. पापण्या झुकवल्या म्हणजे रुकू, मिटल्या म्हणजे सजदा. त्या वर्षांत तुमच्या वडिलांनी एकदाही मोठ्यानं कलमा म्हटला नसेल. तुम्हीही नसेल. जीभ हीच खूण असेल, तर आपल्यापैकी कुणाचं ईमान त्या वर्षांतून बाहेर आलं?

आणि आलं, हे तर तुम्हालाही माहीत आहे. कुलपं निघाली त्या सकाळी पहिली अजान झाली तेव्हा लोक रस्त्यात उभे राहून रडले. ते कुठून आले? कुणाच्या मनात काय हे कसं कळायचं, असं तुम्ही विचारता. कळत नाही, देशान. कळायचं काम आपल्याकडे दिलेलंच नाही. खुदा आणि माणूस यांच्यामध्ये कुणी नाही, हे तुमचंच वाक्य. त्या कुणीमध्ये मुलगाही आला.

त्यांना 'म्हणा' म्हणू नका. जवळ बसून तुम्ही म्हणा.

शूयिंग

---

हजौजवळील गाव
१४ जानेवारी १९८५

ताई,

सलाम. तुझी दोन्ही पत्रं, मला लिहिलेलं आणि ह्यांना लिहिलेलं, मला परवा मिळाली. ह्यांनी स्वतः आणून चुलीपाशी ठेवली आणि बाहेर गेले. म्हणून आता सगळं लिहिते, कसं घडलं तसं.

मामंजी गेले.

त्या सकाळी श्वास बदलला. घशात घरघर लागली. मी ह्यांना हाक मारली आणि भिंतीवरून देलिन भावोजींनाही. का मारू नये? लेक आहे तो. पण ते एकटे आले नाहीत. त्यांच्यासोबत जुन्या वाटेचे आहोंग आणि मागे माणसं. इकडे ह्यांचे लोक आधीच जमलेले, त्यांचे हान आहोंगही आलेले. फाटकात दोन्ही बाजू आमनेसामने. कुणीतरी म्हणालं, "तुझ्या आहोंगला उंबरा ओलांडू देणार नाही." देलिन भावोजी म्हणाले, "बाप माझा आहे, तू कोण?" आणि पुढे घुसले. फावड्याचा दांडा कुणी फिरवला ते मला दिसलं नाही. भावोजींचं कपाळ फुटलं. बर्फावर रक्त पडलं. मग जो गलका उठला तो सांगवत नाही. उरलेली फावडीही उचलली गेली.

चुलीवर मटणाच्या सुपाचं मोठं पातेलं उकळत होतं. मी ते फडक्यानं धरून दारात आले. म्हटलं, "आत दोघंच येतील, त्यांचे दोन लेक. तिसरं कुणी पायरी चढलं तर हे अंगावर ओतीन. मग हवं तर मलाही काफर म्हणा." ताई, पातेलं जड होतं, अर्धं सूप माझ्याच पायावर सांडलं. अजून फोड आहेत. पण कुणी चढलं नाही. हे आले. मागून देलिन भावोजी, कपाळाला टोपी दाबून.

मला वाटलं, आता परत 'म्हणा, म्हणा' सुरू. मी कान झाकायच्या बेतात होते. हे ओट्यावर बसले, मामंजींच्या डोक्याशी वाकले, तोंड उघडलं, आणि थांबले. मग हलक्या आवाजात स्वतःच कलमा म्हणाले. एकदाच. आणि गप्प. पुन्हा काही वेळानं एकदा. हे त्यांना कुणी शिकवलं ते तेव्हा मला कळेना. होता होता ह्यांचा आवाज बसला, ओठ हलायचे पण शब्द निघेना. तेव्हा पायथ्याशी बसलेले देलिन भावोजी तिथून पुढे म्हणायला लागले. दादाकडे बघितलं नाही, परवानगी विचारली नाही. दोघं आळीपाळीनं म्हणत राहिले. शब्द दोघांचे तेच. त्यात जुनं नवं काही नव्हतं.

मामंजी छताच्या तुळईकडे बघत होते. डोळा हलला नाही. हात हलला नाही. 'आं' सुद्धा नाही. दुपारच्या नमाजेआधी श्वास थांबला. कसलीही खूण मिळाली नाही, ताई. मी टक लावून बघत होते, तरी नाही.

मी त्यांचे डोळे मिटवले, हनुवटी बांधली आणि बाहेर आले. अंगणात सगळे तसेच उभे. ह्यांच्याच बाजूच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "सूनबाई, तू जवळ होतीस. कलमा म्हटला का त्यांनी?" तुझं पत्र मला मिळालेलं नव्हतं. दोन्ही बाजूंसाठी दोन उत्तरं मी कितीतरी दिवस घोकून ठेवली होती. तोंडाशी आली होती. पण आत ते दोघं लेक बापाचे पाय सरळ करत होते, आणि मला ते जमेना. मी म्हटलं, "नाही. त्यांना बोलता येत नव्हतं. लेक म्हणत होते."

कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं, "मग नमाज कुठल्या वाटेची?" कुणी त्याहून वाईट काहीतरी म्हणालं. तेवढ्यात हे माझ्या मागून बाहेर आले. म्हणाले, "माझा बाप मुसलमान म्हणून जगला आणि मुसलमान म्हणून गेला. मी त्याचा थोरला. नमाज मी पढवणार. ज्याला मागे उभं राहायचं त्यानं राहावं, ज्याला जायचं त्यानं जावं. फावडी इथेच ठेवा, ती थडग्याला लागतील."

मला वाटलं होतं, हान आहोंग आधी निघून जातील. त्या माणसाला मी किती शिव्या दिल्या असतील मनात. ते पुढे आले आणि म्हणाले, "हक्क मुलाचाच आहे, मी मागे उभा राहतो." गेले ते जुने आहोंग. आपल्याला विचारलंच नाही याचा त्यांना राग, आणि त्यांच्यामागे बरेच जण. ह्यांच्याही बाजूचे काही गेले, ज्यांच्यासोबत हे रोज उठायबसायचे ते. उरलेल्यांची रांग फार लांब झाली नाही. देलिन भावोजी पहिल्या रांगेत होते, डोक्याला माझी ओढणी बांधलेली. मी खिडकीतून बघितलं. ह्यांचा आवाज तेव्हाही फुटत नव्हता. तकबीर म्हणताना दोनदा चिरकला, मागून देलिन भावोजींनी उचलून धरला.

सगळं गोड झालं असं समजू नकोस. सातव्या दिवशी देलिन भावोजींनी त्यांच्या घरी आहोंग बोलावले, उदबत्त्या लावल्या, पंगत बसवली. हे गेले नाहीत. जाणारही नाहीत. पण भिंतीपलीकडून पढणं ऐकू येत होतं तोवर हे अंगणात उभे राहिले, हात पसरून, आणि संपल्यावर हात तोंडावरून फिरवले. मग मला म्हणाले, "देलिनच्या बायकोला सांग, मटणात मीठ जास्त झालंय, वासानंच कळतं." मी सांगितलं. तिनं उलट निरोप पाठवला, की चव घ्यायची असेल तर फाटक उघडं आहे.

पत्रं दिली त्या दिवशी संध्याकाळी हे मेंढ्या कोंडून आले आणि चुलीशी बसले. मी तुझं पत्र दुसऱ्यांदा वाचत होते. जाळ सारखा करता करता ह्यांनी विचारलं, "लान, त्यांना ऐकू येत होतं ना?"

मी त्यांच्याकडे बघितलं. एवढी वर्षं झाली, या माणसानं मला एकही गोष्ट अशी विचारली नव्हती.

मला माहीत नव्हतं, ताई. मी 'हो' म्हटलं.

तुझी
लान